तात्पुरता आधार

घाटातल्या मोठ्या वळणावर, डोंगराच्या अगदी पायाशी, टायर पंक्चरचं एक दुकान होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्यांचं घर, आणि घराच्या पाठीला पाठ लावून सरळ वर गेलेला डोंगर. दुकानाचा मालक मोठा कामाचा माणूस. चाक उतरवायचं, टॉमीची लोखंडी पहार घालून टायर रिमवरून सोडवायचा, ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडा शोधायचा, ठिगळ लावायचं आणि चाक पुन्हा चढवायचं, यातच त्याचा जन्म गेलेला. कपडे इतके काळे की बायको ते घरातल्या इतर कपड्यांबरोबर भिजवतसुद्धा नसे. तो कुणाबद्दल वाईट बोलत नसे, कारण त्याला तेवढा वेळच नसायचा. फक्त मेव्हण्यासाठी तो वेळ काढायचा.

मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तब्येत सुधारायला म्हणून चार दिवसांसाठी आला होता. तब्येत सुधारली, आणखी सुधारली, आणि सुधारता सुधारता एवढी झाली की माणसाला जागचं हलवणं अवघड होऊन बसलं. दुकानाच्या कडेला, डोंगराला टेकवून, भंगारातून आणलेलं बसचं एक सीट ठेवलेलं होतं. सकाळी चहाचा कप घेऊन मेव्हणा त्यावर टेकायचा तो जेवायला उठायचा, जेवून आला की पुन्हा टेकायचा, आणि रात्री तिथेच झोपायचा. अशी किती वर्षं गेली हे विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं की बायकोचे डोळे भरून यायचे.

तो नुसता बसला असता तर एक वेळ चाललं असतं. पण बसल्या बसल्या तो बोलायचा.

"दाजी, तो नट नीट बसला नाही हं."

"बसला आहे."

"मग ठीक आहे. मला आपलं वाटलं."

आणि नट बसलेला नसायचा! पंक्चरवाला दात-ओठ खात पाना फिरवायचा आणि मनात म्हणायचा, एक ना एक दिवस याला गाडीत घालून पाठवीन, तेव्हाच नाव सांगेन.

तो दिवस आला असं वाटावं अशी वेळ खरंच आली. खाली सपाटीवर पंक्चरवाल्याच्या ओळखीच्या माणसाचं बटाट्यांचं गोदाम होतं. तिथे फाटकावर माणूस हवा होता.

"काम काय करायचं?" मेव्हण्याने विचारलं.

"काही नाही रे. फाटकावर बसायचं."

"बसायचंच असेल तर इथे काय वाईट आहे?"

शेवटी बायकोनेच भावाची समजूत काढली. नवी जागा आहे, बटाट्यांची हवा थंड असते, तुला मानवेल. मेव्हण्याने सुस्कारा सोडला आणि हो म्हणाला. जायचा दिवस ठरला. पंक्चरवाला त्या आठवड्यात काम करता करता शीळ घालू लागला.

त्याच आठवड्यात रस्ते खात्याची माणसं आली.

त्यांच्या प्रमुख एक इंजिनीअरबाई होत्या. सडपातळ, उन्हाने रापलेल्या, गळ्यात शिट्टी, पायात चिखलाने भरलेले बूट. त्यांच्याबरोबर यंत्रवाला म्हणून एक पोक्त गृहस्थ होते. त्यांना कायमची सर्दी. आणि मागून दोरवाले आले, म्हणजे डोंगराच्या अंगावर दोराने लटकून काम करणारे गडी, आणि त्यांचा काटक मुकादम. बाईंनी दुकानात शिरून सांगितलं, "हा डोंगर सरकतोय. रोज थोडा थोडा. आपल्याला कळत नाही, यंत्राला कळतं. वर भोकं पाडून लांब सळ्या ठोकायच्या, त्यावर जाळी ताणायची, आतलं पाणी काढायला पाइप घालायचे आणि खाली भिंत बांधायची, असं काम आहे."

पंक्चरवाला पाना टाकून उठला. "म्हणजे दुकान हलवायचं?"

"अजिबात नाही. आहे ते आहे तिथेच राहू द्या. डोंगराच्या पायाशी जे वजन असतं, तेच त्याला धरून ठेवतं. पायथा मोकळा केला की वरचं सगळं खाली येतं. भिंत होईपर्यंत इथली एक वीटसुद्धा हलवू नका."

यंत्रवाल्याने डोंगरात कुठे कुठे यंत्रं पुरली आणि दुकानासमोर एक खांब उभा केला. खांबावर पिवळी पेटी, पेटीवर तीन दिवे आणि एक भोंगा. हिरवा म्हणजे सगळं ठीक. पिवळा म्हणजे डोंगर चुळबुळ करतोय. लाल लागला की भोंगा वाजणार आणि वळणाच्या दोन्ही टोकांना रस्ता अडवणारे दांडे आपोआप खाली येणार. पेटीच्या खाली एक काळं बटण होतं. भोंगा आणि दांडे चालू आहेत की नाही ते बघायला यंत्रवाला रोज सकाळी शिंकून ते बटण एकदा दाबायचा.

पहिल्याच दिवशी दुपारी पिवळा दिवा लागला. यंत्रवाल्याने वायरी तपासल्या. थोड्या वेळाने आपोआप हिरवा झाला. मेव्हणा जेवून पुन्हा येऊन बसला होता, पण तिकडे कुणाचं लक्ष असण्याचं काही कारणच नव्हतं.

जायच्या दिवशी मेव्हण्याने बूट घातले. कित्येक वर्षांत न घातल्यामुळे बुटांना त्याची ओळख राहिली नव्हती. बहिणीने पिशवीत डबा भरला, डोळे पुसले. बस वळणावर येऊन थांबली. पंक्चरवाल्याने स्वतः पिशवी उचलली, रस्ता ओलांडला, मेव्हण्याला हाताला धरून बसच्या दाराशी नेलं. मेव्हण्याने एक पाय पायरीवर ठेवला.

भोंगा वाजला.

सकाळच्या तपासणीला तो क्षणभर वाजायचा; एवढा वेळ वाजलेला त्या वळणाने कधी ऐकला नव्हता. दोन्हीकडचे दांडे धाडधाड खाली आले. बसमधले प्रवासी उड्या मारून पळाले. दोरवाले दोरावरून सरसर खाली उतरले. इंजिनीअरबाई शिट्टी फुंकत धावत आल्या. सगळे मान वर करून डोंगराकडे बघत राहिले. डोंगराने एक खडासुद्धा टाकला नाही.

"गोंधळ मिटेपर्यंत टेकतो जरा," असं म्हणून मेव्हणा परत गेला आणि सीटवर बसला.

दिवा हिरवा झाला. दांडे वर गेले. लोक बसमध्ये चढले, ड्रायव्हरने हॉर्न दिला, मेव्हणा उठला, रस्ता ओलांडून आला, पायरीवर पाय ठेवला. भोंगा!

तिसऱ्या वेळेला ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "तुमचं एकदा काय ते ठरवा आणि मग मला कळवा," असं म्हणून तो निघून गेला. पंक्चरवाला हातात पिशवी घेऊन रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. मेव्हणा सीटवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होता आणि वर हिरवा दिवा शांतपणे जळत होता.

काय चाललंय ते आता सगळ्यांच्याच ध्यानात आलं होतं, पण बोलायची हिंमत कुणाची होईना. शेवटी यंत्रवालाच नाक पुसत म्हणाला, "मॅडम, हे उठले की डोंगर हलतोय."

"काहीतरी बोलू नका."

"बघा ना उठवून."

बाईंनी मेव्हण्याला उठवलं. पिवळा. बसवलं. हिरवा. उठवलं. पिवळा. बसवलं. हिरवा. बाईंच्या कपाळावर घाम आला. त्या शिकलेल्या होत्या, आणि एवढ्यावर हार मानणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"साधी गोष्ट आहे," त्या म्हणाल्या, "पायथ्याला वजन हवंय. यांच्याऐवजी तेवढंच दुसरं वजन ठेवू."

मेव्हण्याचं वजन केलं. तेवढ्या वजनाची वाळूची पोती सीटवर रचली. लाल दिवा, भोंगा. पोती वाढवली. भोंगा. एका ट्रकचा ड्रायव्हर अंगाने भरलेला होता, त्याला विनंती करून बसवला. भोंगा, आणि वर त्याला सीट आवडलं म्हणून तो उठेना. मग पंक्चरवाला पुढे झाला. घरचं संकट घरच्या माणसाने निस्तरावं. तो सीटवर बसला, डोंगराला पाठ टेकली, डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या निर्जीव वस्तूची मनापासून विनवणी केली. भोंगा एवढ्या जोरात वाजला की त्याच्या कानाला दडे बसले.

"म्हणजे वजनाचा प्रश्न नाही," बाई खचून म्हणाल्या. "मग कशाचा आहे?"

"सवयीचा असेल," यंत्रवाला म्हणाला.

"कुणाच्या?"

यंत्रवाल्याने बोट नुसतंच वर, डोंगराकडे दाखवलं.

बाईंनी मोठ्या साहेबांना फोन लावला. मोठे साहेब शहरातल्या कार्यालयात बसत आणि त्यांचा आवाज फोनमधूनही चार माणसांना ऐकू जाई. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"हे बघा, कारण नंतर शोधा. तो माणूस बसला की डोंगर थांबतो ना?"

"हो सर, पण..."

"मग त्याला धरा."

"धरा म्हणजे?"

"नकाशात धरा!"

त्याप्रमाणे कामाच्या नकाशात, पाण्याच्या पाइपांच्या खाली आणि भिंतीच्या डावीकडे, एक छोटा चौकोन काढण्यात आला आणि त्यात लिहिलं गेलं, 'ता. आ.' म्हणजे तात्पुरता आधार. सीटच्या पायांना काळे-पिवळे पट्टे मारले. मेव्हण्याला शिरस्त्राण दिलं, आणि अंधारात चमकणारं जाकीट दिलं, ते पुढून लागत नव्हतं. डोक्यावर पाटी लागली: 'तात्पुरता आधार. हलवू नये.'

पंक्चरवाल्याने ती पाटी वाचली आणि घरात जाऊन भांडंभर पाणी प्यायला.

"किती दिवस?" त्याने बायकोला विचारलं, जणू तिनेच नकाशा काढला होता.

"भिंत होईपर्यंत. मॅडम म्हणाल्या." बायकोच्या चेहऱ्यावर असं तेज होतं की त्याला ते बघवेना. "मी म्हणत नव्हते? त्याच्या बसण्याला काहीतरी अर्थ असणार."

"तू कधी म्हणालीस?"

"मनात म्हणत होते."

मेव्हण्याला जेवायला, पाय मोकळे करायला थोडा थोडा वेळ मिळायचा. पिवळा दिवा लागल्यापासून लाल लागेपर्यंत जेवढा वेळ जाई तेवढाच. झोपायचा तो सीटवरच, त्याला त्याची सवय होतीच. खात्याने सीटवर ताडपत्रीचं छप्परही घालून दिलं. यंत्रवाला मधूनमधून येऊन वजन बघायचा, आणि ते जरा जरी उतरलेलं दिसलं की पंक्चरवाल्याला बोलणी खावी लागत. "आधाराकडे लक्ष द्या जरा. अंडी देता की नाही?"

मेव्हण्यातही फरक पडला. पूर्वी तो सैल सांडलेला असायचा. आता तो ताठ बसू लागला. दुपारी डुलकी काढायचं त्याने सोडून दिलं. दोरवाले वर चढण्याआधी त्याच्यासमोर येऊन उभे राहायचे आणि मुकादम विचारायचा, "बसलात?" मेव्हणा गंभीरपणे म्हणायचा, "बसलो." मगच पहिला माणूस दोराला हात घालायचा. वर ड्रिल घरघरायचं, भोकात सळ्या जायच्या, मागून सिमेंटचं पातळ कालवण दाबून भरलं जायचं, आणि खाली हा आपला दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, समोर बघत, जबाबदारीने बसलेला.

एकदा दुकानात तीन ट्रक एकदम आले. पंक्चरवाला घामाने निथळत होता. सवयीने तो ओरडला, "अरे, तो जॅक जरा इकडे सरकव."

"दाजी," मेव्हणा मान न वळवता म्हणाला, "मी कामावर आहे."

पंक्चरवाल्याच्या हातातून टॉमी निसटली ती त्याच्याच पायावर पडली. ट्रकवाले हसले नाहीत. उलट त्यांच्यातला एकजण म्हणाला, "कशाला त्रास देताय त्यांना? वर माणसं लटकलीत."

असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग मेव्हण्याला वर बघायची सवय लागली.

दिवसभर समोर बघून माणूस कंटाळतोच. तो मान वाकडी करून दोरवाल्यांकडे बघू लागला. कोण गाठ कशी मारतं, पाय कुठे रोवतं, जाळीचा पट्टा वरून कसा उलगडत आणतं. त्याने मुकादमाकडून दोराचा एक तुकडा मागून घेतला आणि बसल्या बसल्या गाठी मारू लागला. मुकादमाने एक शिकवली की तो दुसरी विचारायचा. संध्याकाळी सीटच्या पाठीला, ताडपत्रीच्या बांबूला, स्वतःच्या बुटांना, सगळीकडे गाठी मारलेल्या असायच्या, आणि त्यातली एकही ओढून सुटत नसे.

एका दुपारी पंक्चरवाला ट्यूब घासत बसला होता. एवढ्यात वरून मुकादमाची आरोळी आली, "पिवळा! पिवळा लागलाय!"

तो बाहेर धावला. मेव्हणा उभा होता. नुसता उभा नव्हता, त्याने कमरेला पट्टा बांधला होता, आणि लोंबणाऱ्या दोराचं टोक हातात धरलं होतं.

"काय करतोयस?"

"वर जातोय. जाळीची ती कड मला बांधायची आहे. ते लोक चुकीची गाठ मारतायत."

वर पाच-सहा माणसं कड्याला पालीसारखी चिकटून राहिली होती. कुणी हलत नव्हतं.

"आधी खाली बस."

"नाही."

"अरे, बस म्हणतो ना!"

मेव्हण्याचा चेहरा लाल झाला. इतक्या वर्षांत त्याला चिडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. "दाजी, मी या घरात आलो तेव्हापासून तुम्ही मला एकच शब्द बोललात. ऊठ. सकाळी ऊठ, दुपारी ऊठ, पाहुण्यांसमोर ऊठ. तेव्हा मला उठावंसं वाटत नव्हतं. खरं सांगतो, कशासाठी उठायचं तेच कळत नव्हतं. आता कळलंय, तर तुम्ही म्हणता बस!"

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"तेव्हा पण डोंगर हाच होता."

पंक्चरवाल्याने दिव्याकडे बघितलं. पिवळा लुकलुकायला लागला होता. त्याने हातातली ट्यूब टाकली, जवळ गेला, आणि ज्याच्याशी आजवर कधी अरे-तुरेशिवाय बोलला नव्हता त्याच्यापुढे चक्क हात जोडले.

"मेव्हणे, ऐका माझं. मी जन्मभर चाकं उतरवली. मी आजारी पडलो तर लोक पुढच्या दुकानात जातात. कुणाचं काही अडत नाही. तुम्ही नुसते बसता आणि त्यावर सहा घरांतली माणसं संध्याकाळी घरी जातात. मी बसून बघितलं, मला जमलं नाही. पोत्यांना जमलं नाही. तुमच्यासारखा बसणारा मी पाहिला नाही. खोटं बोलत असेन तर या टॉमीने माझंच डोकं फोडा."

मेव्हणा त्याच्याकडे बघत राहिला. पंक्चरवाल्याच्या लक्षात आलं की आपण जीव वाचवायला बोलायला लागलो होतो, पण बोलता बोलता ते सगळं खरंच निघालं. त्याला जरा लाजल्यासारखं झालं.

"भिंत झाली की," मेव्हणा सावकाश म्हणाला, "मला कुणी बस म्हणायचं नाही. आणि ऊठ पण म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार."

मेव्हणा बसला. दिवा हिरवा झाला. वरच्या माणसांनी रोखून धरलेला श्वास सोडला तो खालपर्यंत ऐकू आला.

त्या दिवसापासून पंक्चरवाला चहाचा कप स्वतः नेऊन देऊ लागला. कधी गिऱ्हाईक नसलं की सीटशेजारी टायर टाकून त्यावर बसायचा, आणि दोघं गाठींबद्दल बोलायचे. बायको खिडकीतून बघायची आणि आत जायची.

भिंत झाली. दगड भरलेल्या तारेच्या पेट्या एकावर एक रचून, त्यांच्या मागे पाण्याला वाट ठेवून, घराला आणि दुकानाला कुशीत घेत ती वळणभर उभी राहिली. वर जाळी ताणून बसली. शेवटच्या पाइपातून पाण्याची बारीक धार सुरू झाली. मग मोठे साहेब शहरातून आले. आधार काढून घ्यायचा होता, आणि ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. खुर्च्या मांडल्या, दोरवाले धुतलेले कपडे घालून ओळीने उभे राहिले. पंक्चरवाल्याच्या बायकोने भावाचे केस विंचरून दिले.

"उठा," मोठे साहेब म्हणाले.

मेव्हणा उठला. सगळ्यांच्या नजरा पेटीवर. हिरवा. माणसं श्वास धरून थांबली. हिरवाच. बाईंनी डोळे मिटून घेतले आणि मग टाळ्यांचा कडकडाट झाला.

एक मेव्हणा तेवढा हसला नाही. तो पुन्हा बसला आणि पुन्हा उठला. हिरवा. त्याने रस्ता ओलांडला आणि पलीकडे जाऊन मागे वळून पाहिलं. हिरवा. आणखी पुढे गेला, जिथे बस थांबायची तिथे.

"आणखी लांब जाऊ का?" त्याने तिकडून विचारलं.

"जा की," मोठे साहेब खुशीत म्हणाले. "कुठेही जा. आता तुमची काही गरज नाही."

पंक्चरवाल्याने मेव्हण्याचा चेहरा पाहिला. जाकिटाची दोन्ही टोकं हातात धरून तो रस्त्यापलीकडे उभा होता, एवढा मोठा माणूस, आणि कुठे बघावं ते त्याला कळत नव्हतं. पंक्चरवाल्याची वर्षानुवर्षांची इच्छा पुरी झाली होती. मेव्हणा उठला होता आणि जायला मोकळा होता. आता शीळ घालायला हरकत नव्हती. पण त्याच्या छातीत काहीतरी ट्यूब फुटावी तसं झालं, त्याचे पाय खांबाकडे वळले, आणि सगळ्यांचं लक्ष मेव्हण्याकडे असताना त्याच्या काळ्या अंगठ्याने पेटीखालचं काळं बटण दाबलं.

भोंगा वाजला. दोन्हीकडचे दांडे खाली आले. त्यातला एक मोठ्या साहेबांच्या गाडीच्या टपावर आला. खुर्च्या उलटल्या. मोठे साहेब यंत्रवाल्याच्या पाठीमागे लपले, आणि यंत्रवाला नेमका तेव्हाच शिंकला.

सगळ्यांनी रस्त्यापलीकडे पाहिलं.

मेव्हणा ताठ झाला. त्याचा चेहरा उजळला. आता हा परत येणार आणि बसणार, पंक्चरवाल्याच्या मनात आलं, आणि हे मी माझ्या हाताने केलं. तरी त्याला वाईट वाटलं नाही.

पण मेव्हणा आला नाही. त्याने डोंगराकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघून घेतलं, एखाद्या हट्टी माणसाकडे बघावं तसं.

"साहेब, आता भिंत आहे," तो शांतपणे म्हणाला. "तिची सवय करून घेऊ दे त्याला. मी किती दिवस पुरणार?" मग बहिणीकडे वळून, "ताई, येतो गं. दाजी, येतो." त्याने जाकीट उतरवून कडेच्या दगडावर ठेवलं, तिथे पडलेलं दोराचं वेटोळं खांद्यावर टाकलं, मुकादमाला मान हलवून खूण केली, आणि दांड्याखालून वाकून तो रस्त्याने चालू लागला. मुकादम आणि दोरवाले त्याच्यामागून निघाले. पुढच्या डोंगरावर त्यांचं काम ठरलेलंच होतं. वाहनं अडकून पडली होती, त्यामुळे सगळा रस्ता त्यांचाच होता.

भोंगा थांबला तेव्हा मोठे साहेब भानावर आले. "आधार गेला! आता काय? पर्यायी आधार कुठे आहे?" त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि त्यांची नजर पंक्चरवाल्यावर थांबली. "तुम्ही त्यांचे कोण?"

"मी... त्यांच्या बहिणीचा नवरा. पण साहेब, मला बसवून बघितलं होतं, जमलं नव्हतं."

"तेव्हा भिंत नव्हती. बसा."

बटणाचं सांगावं तर साहेबांच्या गाडीचा टप चेपलेला समोर दिसत होता. पंक्चरवाला गुपचूप जाऊन बसला. दिवा अर्थातच हिरवा होता.

"बघा!" मोठे साहेब म्हणाले, आणि पुन्हा टाळ्या झाल्या. शिरस्त्राण त्याला नाकापर्यंत आलं. जाकिटात तो पूर्ण मावून वर जागा उरली.

पहिले दोन दिवस त्याच्या हातांना कळेना की आपण काय करायचं. ट्रक येत होते आणि बायको चाकं उतरवत होती. एवढी वर्षं ती खिडकीतून सगळं बघत आली होती. टॉमी कुठे घालायची, किती दाब द्यायचा, बुडबुडा कसा धरायचा, सगळं तिला येत होतं, फक्त कुणी कधी विचारलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्याला उन्हात डोळा लागला. चौथ्या दिवशी त्याला दिसलं की समोरच्या दरीत सकाळी धुकं असतं आणि ते हळूहळू वर येतं. हे दुकान थाटल्यापासून त्याने कधी पाहिलेलं नव्हतं. तिकडून आलेल्या एका ड्रायव्हरकडून मेव्हण्याचा निरोप आला. पुढच्या डोंगरावर तो जाळी बांधतोय. त्याला इतरांसारखा एक दोर पुरत नाही, दोन लागतात, पण त्याने बांधलेली कड मुकादम तपासायलासुद्धा जात नाही.

आठवड्याने इंजिनीअरबाई आल्या. सीटसमोर उभ्या राहून त्यांनी शिट्टी दोन बोटांत फिरवली.

"उठा आता," त्या म्हणाल्या. "तुमच्या बसण्याने काही होत नाहीये. मी तेव्हाच तुमचा अंगठा बघितला होता."

पंक्चरवाल्याने कपाळाला हात लावला. "मग बोलला का नाहीत?"

"बोलणार होते. यांनी मला बाजूला घेतलं." त्यांनी दुकानाकडे हात केला. बायको जॅकखाली वाकली होती. "म्हणाल्या, लग्न झाल्यापासून यांना दिवसाउजेडी बसलेलं मी पाहिलं नाही. राहू दे थोडे दिवस."

बाई निघून गेल्या. पंक्चरवाला तसाच बसून राहिला. मग त्याने हाक मारली, "अगं, ऐकलंस का? उठायला सांगितलंय."

"ऐकलं," बायको आतून म्हणाली. "चहा ठेवलाय. पिऊन उठा."

ती दोन कप घेऊन बाहेर आली. तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. तो जरा सरकला आणि ती त्याच्या शेजारी टेकली. डोंगराचा गारवा पाठीला लागत होता. एवढ्यात एक ट्रक फट्फट् करत वळणावर येऊन थांबला आणि ड्रायव्हर खाली उतरून चाकाकडे बघत ओरडला, "अहो, इथे पंक्चर कोण काढतं?"

"थांबा हो," बायको म्हणाली, "चहा होऊ दे आमचा."